आटपाडीहून आलेले परीक्षक

सिनेमा हिंदी होता, हसायचा होता आणि दोन दोस्तांचा होता. रहिमतपूरच्या माळावर तंबू लागणार, चार दिवस खेळ होणार, अशी दवंडी पिटली आणि माझ्या मनात फरीदा आली. परकर घालायच्या वयापासूनची माझी मैत्रीण. लग्न होऊन ती आटपाडीला गेली, मला गावातच दिली. शेवटची भेट होऊन अकरा वर्षं झाली होती. लढाई संपली तरी तिचा नवरा अजून पलटणीतून परतला नव्हता. घरात शब्द चालायचा तिच्या सासऱ्यांचा, दस्तगीरचाचांचा.

मी शाळेत गेले नाही. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकले, त्यामुळे छापलेल्या शब्दावर माझा जरा जास्तच भरवसा. साताऱ्याच्या एका साप्ताहिकानं लिहिलं होतं, 'लेकीसुनांनी पाहावा असा निर्मळ विनोद.' पुण्याच्या एका दैनिकानं लिहिलं, 'मैत्रीच्या नावाखाली दोन तास आचरटपणा.' पुण्याचं मत मी चुलीत घातलं. साताऱ्याचं कापून आटपाडीला धाडलं. सोबत लिहिलं, चाचा, फरीदाला घेऊन याच, तुमची मनू.

तीन दिवस मी मोटारीच्या थांब्यावर जाऊन आले. तोवर गावातही सिनेमावरून दोन तट पडले होते. थोरल्या वाड्यातले लालासाहेब म्हणत, "हसायचं कुठं त्येच कळंना." आमच्या आळीतला केरबा मात्र तिसऱ्यांदा तंबूत शिरला होता.

चौथ्या दिवशी एकच खेळ होता, तोही शेवटचा. तंबूत बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, मधे कनात. मी शेजारी शाल पसरून जागा धरली.

"कुणासाठी धरलीया गं?" शेजारची शालूबाई करवादली. "माझं पाय अवघडलं हितं!"

"येतीय एक," मी म्हटलं.

पडद्यावर दोन दोस्तांत मिळून एकच कोट होता. एक कोट घालून कामावर जायचा, दुसरा गोधडीत बसून त्याची वाट बघायचा. बायका लोटपोट झाल्या. मी दाराकडं बघत होते.

खेळ सुटला. बाहेर दस्तगीरचाचा रुमालानं डोळे पुसत उभे.

"चाचा! फरीदा कुठाय?"

"घरी. तुझा कागद पोचला गं, पण आमच्या तालमीत पुण्याचा पेपर येतोय, त्यात समदं उलटंच. दोन कागद दोन तोंडांनी बोलाय लागल्यावर सुनेला कशी आणू? म्हटलं, आधी आपण बघावा."

"मग?"

"लय झकास! त्या पुण्यावाल्याला दातच नसतील हसायला. परवा घेऊनच येतो तिला."

मागं गडी खुंटे उपटत होते. चाचांनी वळून पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

"आज शेवटचा व्हता व्हय?"

"व्हय, चाचा."

मग चाचा म्हणाले, "तिनं एक काम सांगितलंय. मनू कुठं कुठं हसती ते ध्यानात ठेवून या, म्हणाली. म्हणून कनातीला टेकून बसलो. समद्या बाया हसल्या, पण तुझं हसू काय गावलं न्हाई मला. काय सांगू तिला?"

हसलेच नव्हते, हे त्यांना कसं सांगायचं? म्हटलं, "चाचा, माझं ध्यान नव्हतं. त्या कोटाचं काय झालं हो?"

सत्तरीचे चाचा तिथंच माळावर उभे राहिले. माझी शाल घेऊन त्यांनी कोटासारखी चढवली, छाती काढून साहेबासारखे चार पावलं चालले, आणि लगेच तीच शाल डोक्यावरून ओढून गोधडीतल्या दोस्तासारखे कुडकुडत मटकन खाली बसले. माझ्या तोंडून फस्सकन हसू फुटलं.

"हितं हसली," म्हणत त्यांनी रुमालाला गाठ मारली आणि पुढचं सांगायला घेतलं.

सकाळच्या मोटारीनं चाचा गेले. रुमालाला पाच गाठी होत्या. ते पाचवी मारत होते तेव्हा मी हसत होते की रडत होते, ते त्यांनी विचारलं नाही.