हुकाखालचा ठिपका

‘मदतनीस प्रभुलिंग यांनी पट्टी निष्काळजीपणे टांगल्यामुळे लेप अपुरा राहिला व गंज चढला.’ २००४च्या चौकशी अहवालातले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अन्य कोणत्याही दृष्टीने नाही.

हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटातल्या पोलादी पट्ट्या आम्लाने गंजतात. म्हणून कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत त्यांच्यावर वीज वाहू देणाऱ्या पॉलिमरचा हिरवा लेप देत. पट्टी हुकाला टांगून द्रावणात बुडवायची, वीज सोडायची. हुकाखाली मात्र ठिपकाभर पोलाद उघडे राहते.

मदतनीस प्रभुलिंग चांदीच्या दागिन्यांच्या हुपरीचा. पैंजणांना मुलामा देताना तिथे हुकाची जागा बदलून माल पुन्हा बुडवतात. त्याने पट्ट्यांनाही तेच केले. सहा वर्षांत त्याची एकही पट्टी ठिपक्यातून गंजली नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. अकिवाटे यांचे या पट्ट्यांवरचे निबंध परदेशात छापून आले. त्यांत दुसऱ्यांदा बुडवण्याचा उल्लेख नाही.

लेप पाहायला आलेल्या एका कंपनीच्या पाहुण्यांसमोर जी पट्टी गंजली, ती चौकशीच्या टेबलावर होती. शेजारी प्रभुलिंगला नोकरीत कायम करण्याची फाइल.

“ही माझी न्हाय, सायेब. ठिपका उघडाच हाय की! असलं पैंजण गिऱ्हाईक तोंडावर फेकंल.”

“मग काय भुतानं बुडवली?” अध्यक्ष म्हणाले. सदस्य हसले.

प्रभुलिंगने अकिवाटेंकडे पाहिले. “कुनी बुडवली त्ये सरास्नी म्हाईत हाय. त्येच सांगत्याल.”

अकिवाटेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चौकशी संपली.

फाइल नामंजूर होऊन परतली, प्रभुलिंग हुपरीला. बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. चांदीच्या पेढीवरच्या आण्णांनी त्याने मुलामा दिलेले पैंजण भिंगाखाली धरले.

“हुकाचं डाग ऱ्हात्यात म्हनं तुझं, व्हय रं?”

“बघा की, आण्णा. कुठं हाय?”

“न्हाय दिसत. पर कागदावर आलंय न्हवं?” त्यांनी पैंजण परत केले.

पाच वर्षांनी, निवृत्तिवेतन मंजूर झाल्यावर, डॉ. अकिवाटे यांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. त्यांनी अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यातला मजकूर शब्दशः असा:

‘ती पट्टी पाहुण्यांसाठी मी स्वतः बुडवली होती. हुकाची जागा बदलावी लागते, हे मला ठाऊक नव्हते. प्रभुलिंग काय करतो ते सहा वर्षांत मी कधी विचारले नाही. चौकशीत मी गप्प बसलो, कारण तो माझे नाव घेणार नाही याची मला खात्री होती.’