परातीतलं लोणार

"कुणाला विचारून हो म्हणालात?" मटिल्डा टीचरनं विचारलं आणि उजवा हात सवयीनं शालीखाली सरकवला.

तिचा नवरा पास्कल परात पुसत राहिला. "अगं, शाळेतनं फोन आला. लोणारचं विवर परातीत करून आमच्या टीचरनीच दाखवावं म्हणाले. मी काय नको म्हणू?"

पापडी गावच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेली ही बाई पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून खचली होती. जीभ ठणठणीत होती, बुद्धी तर नवऱ्याला नको तितकी शाबूत. पण उजव्या हातातून काहीही, केव्हाही निसटायचं. नाताळच्या पंगतीत सगळ्यांदेखत ताट पडलं, तेव्हापासून ती चर्चमध्ये रविवारच्या मिस्सालाही जाईना.

"पोरांसमोर हातातनं काय पडलं तर?"

"पडलं तर पडलं. चल."

वर्गात पास्कलनंच परातीत थर लावले. तळाला तांदळाचं पीठ, मध्ये लाल, वर कोळशाची पूड. लाल थराला गेरू मिळाला नव्हता, म्हणून पठ्ठ्यानं घरचा वर्षभराचा तिखटजाळ बाटली मसाला उचलून आणला होता. बायकोला सांगायची मात्र छाती झाली नव्हती.

टीचरनं फळ्यासमोरच्या जुन्या सवयीनं दगड उजव्या हातात घेतला. "पोरांनो, उल्का जेव्हा—" आणि दगड निसटला.

तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा परातीत खोलगट वाटी तयार झाली होती आणि पोरं माना वाकवून बघत होती. मग पहिली शिंक आली, दुसरी आली, सगळा वर्ग शिंकायला लागला. टीचरही शिंकली. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो खिडकीबाहेरचं झाड न्याहाळू लागला.

"काठ बघा," ती डोळे पुसत म्हणाली. "उचललाय ना? काळ्यावर लाल, लालवर पांढरं. खालचं वर आलं. लोणारच्या काठावरचे खडकही असेच उलटलेत. तळाला नुसता चुरा."

"आणि उल्का, टीचर?"

"ती कुठली उरते रे? त्या दणक्यात तिचीच बहुतेक वाफ होते."

"टीचर, परत पाडा ना."

कित्येक महिन्यांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

पास्कलनं उरलेल्या मसाल्यासकट नवे थर लावले आणि दगड तिच्या डाव्या हाताशी धरला.

"तिकडे नाही," ती म्हणाली. शाल खुर्चीवर टाकून तिनं उजवा हात पुढे केला.