डबीतली मी

मित्रांनो, कसबा पेठेतल्या युनानी दवाखान्यात वरच्या फळीवर टवका उडालेली जुनी बरणी दिसते ना, ती मी. माझ्याकडे फक्त व्यसनी माणसं येतात. तीही तोंड वाकडं करून.

माझं घराणं मात्र मोठं. शेकडो वर्षांपूर्वी इराणातले हकीम अफू सोडवायचे. ते ती एकदम तोडत नसत. रोज थोडी कमी करत आणि तिच्या जागी दुसरं औषध देत. हे ‘दुसरं’ असणं आमच्या घराण्याच्या नशिबी आलं. आता अफूची गिऱ्हाइकं नाहीत, तंबाखूची आहेत. माझ्या पोटात बडीशेप, ओवा आणि ज्येष्ठमध असतो.

यंदा हिंदुराव रिक्षावाले आले. त्यांची तंबाखूची डबी शर्टाच्या खिशात, थेट काळजाला टेकून. मी इतकी वर्षं भिंतीला टेकून आहे.

“हकीमसाहेब, आमची शेफाली बाळंतपणाला आलीय. म्हणते, बाबा, या वासाच्या तोंडानं बाळाची पापी घ्यायची नाही. उद्यापासून एकदम बंद करतो.”

“एकदम बंद करणारे परवा दुप्पट खातात,” शमशुद्दीन हकीम म्हणाले. “रोज सकाळी डबी भरून इथं आणायची.”

हकीम डबीतली थोडी तंबाखू काढत आणि तेवढीच माझ्या पोटातली बडीशेप तिच्यात भरत. रोज कालच्यापेक्षा जरा जास्त. मी शांतपणे डबी बळकावत होते.

मध्येच हिंदुराव खाली मान घालून म्हणाले, “मोज्यात वेगळी पुडी ठेवली होती.”

“द्या. तिच्यातही बडीशेप घालू. मोजा तुमच्याकडेच ठेवा.”

शेवटी डबीत फक्त मी उरले. हिंदुराव डबी थोपटून म्हणाले, “हिनं वाचवलं मला!” हिनं? पत्र्यानं?

पुढे शेफाली बाळाला घेऊन दवाखान्यात आली. रिक्षाचा धूर तपासावा तसं तिनं वडिलांचं तोंड हुंगलं.

“बडीशेप. घ्या पापी.”

हिंदुरावांनी नातीची पापी घेतली आणि ढसाढसा रडले. हकिमांनी तोंड गोड करायला गुलकंदाची बरणी काढली. माझ्या शेजारची!

मित्रांनो, व्यसन सोडणाऱ्याला ‘सुटलं का?’ म्हणून रोज टोचू नका, वेळ द्या. बरणीचं झाकण घट्ट लावा, ओवा दमट होतो. आणि पापी घेऊन झाली की एकदा वर फळीकडेही बघा.