हातभर जागा

आमच्या हिनं सायकल सोडली, आणि का सोडली ते काही केल्या सांगेना.

आधी म्हणाली, चाकात हवा नाही. मी खाली जाऊन चाक दाबून पाहिलं, चांगलं टणक होतं. मग म्हणाली, गुडघा दुखतोय. भरलेली बादली घेऊन धडाधड तीन जिने चढणारी बाई, आणि म्हणे गुडघा! कुठंतरी पाणी मुरतंय एवढं कळत होतं. पण कुठं, ते कळायला अक्कल लागते, आणि माझी सगळी अक्कल बसच्या चाकांत गेलेली. बावीस वर्षं चालवतोय, एक ओरखडा नाही. विचारा डेपोत कुणालाही.

ही नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करते, इंजेक्शनं देते. रोजची नऊ घरं. सायकलवर नऊ होतात, पायी जेमतेम चार. ऑफिसनं सांगून टाकलं होतं, सोमवारपासून नऊ घरं होणार नसतील तर तसं लिहून द्या, आम्ही दुसरी बाई बघतो. त्या म्हाताऱ्यांवर हिचा भारी जीव. कुणाला कुठल्या कुशीवर झोप लागते तेसुद्धा तोंडपाठ. आणि ही बया काम सोडायला निघाली!

गुरुवारी खनपटीलाच बसलो, तेव्हा कुठं बोलली.

"एक बस फार जवळून गेली. मी पडले." बाही वर करून कोपरावरची खपली दाखवली.

"कधी? कुठं?"

"गेल्या मंगळवारी. टाकीजवळच्या वळणावर."

"नंबर काय बसचा?"

"राहू द्या ना हो," म्हणाली, आणि नळ मोठा सोडून भांडी घासायला लागली.

माझं डोकं सटकलं. माझ्या बायकोला पाडून हा गडी खुशाल बस हाकतोय! दुसऱ्या दिवशी डेपोत एकेकाला गाठून विचारलं. शेवटी मिशीला धरलं. मिशी म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर.

"लेका, सकाळी त्या वळणावरून तूच जातोस की," तो म्हणाला.

"माझं सोड रे. मी तिला ओळखतो. रोज दोन हॉर्न देतो तिला, खुशालीचे."

मिशीनं टोपी डोक्यावर चढवली आणि आपल्या बसकडं चालायला लागला. आता यात निघून जाण्यासारखं काय होतं, मला कळेना.

त्याच दिवशी आमचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आली होती माझ्या लेकीच्या वयाची एक मुलगी. डेपोच्या आवारात तिनं एक सायकल स्टँडवर घट्ट बसवून ठेवली होती. माझ्या हातात खडू दिला.

"काका, सायकलवाल्याच्या बाजूनं पुढं जाताना किती जागा सोडता? तेवढ्यावर रेघ मारा."

मी सायकलपासून हातभर अंतरावर रेघ मारली. "सराईत हात आहे, बाई. उगाच रस्ता कशाला वाया घालवायचा?"

"बरं, मग बसा सायकलवर. मिशीकाका तुमच्याच रेघेवरून बस नेतील."

मी हसत हसत बसलो. सगळे शिट्ट्या मारत होते. मागून इंजिनाचा आवाज यायला लागला, पण बस दिसेना. मान वळवली तर हँडलही वळायला लागलं. मग बस बाजूला आली आणि संपेचना. खिडक्या, खिडक्या, पत्रा, पुन्हा खिडक्या. वाऱ्यानं आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं, मागच्या चाकाकडं. सायकल जागची हलत नव्हती, तरी माझे पाय जमीन शोधत होते. तेवढ्यात मिशीनं कानाशी दोन हॉर्न दिले. माझा एक हात हँडलवरून सुटून वर गेला. मी नेला नाही, आपोआप गेला.

बस पुढं निघून गेली आणि मी त्या हाताकडं बघत राहिलो. असा हात मी पाहिला होता. मंगळवारी, टाकीच्या वळणावर, माझ्या आरशात. मी हॉर्न दिले आणि हिनं हात वर केला. पुढं वळण लागलं आणि ती दिसेनाशी झाली. मला काय आनंद! घरी येऊन म्हणालोसुद्धा, "आज काय झकास हात केलास गं!" ती मोरीत पाठमोरी बसून कोपर धूत होती.

पण मी तर मुद्दाम जवळ घेतली होती बस. तिला मी दिसावं म्हणून. लाडानं जवळ नेलेली बस बायकोला पाडेल कशी? पुन्हा पुन्हा जोडून पाहिलं, काही केल्या जुळेना. आणि बावीस वर्षांचा एक ओरखडा नाही म्हणजे नक्की कुणाला नाही? बसला?

"उतरा काका, दुसऱ्यांना बसू द्या," ती मुलगी म्हणाली. मग तिनं दुसरी रेघ मारली, माझ्या रेघेच्या कितीतरी पलीकडं. दोन लांब ढांगा.

"इतकी?" मी विचारलं.

"इतकी. नसेल तर मागं थांबायचं."

संध्याकाळी घरी आलो तर ही ओट्यापाशी उभ्यानंच चिठ्ठी लिहीत होती. ऑफिसला.

"मीच होतो ना?" मी म्हणालो.

तिनं पेनाला टोपण लावलं. "हो."

"अगं, मग बोलली का नाहीस? दोन शिव्या हासडायच्यास!"

"दुसरा कुणी असता तर हासडल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी सायकल काढली असती." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला ठाऊक होतं, ही मी आहे. मला बघून, हसून, इतक्या जवळून गेलात. मग ज्यांची मी कुणीच नाही, ते किती जवळून जातील?"

मी म्हटलं, रोज तुझ्या मागं मागं बस चालवीन. ती म्हणाली, वेड्यासारखं काहीतरी बोलू नका, बसमध्ये माणसं असतात. तेही खरंच होतं.

तिनं चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि माझ्यापुढं धरलं.

"तुमची बस आमच्या ऑफिसवरूनच जाते ना? उद्या जाता जाता देऊन टाका."

मी पाकीट घेतलं.