अडथळ्यांचा रकाना

धंदेवाल्यांना पर्यावरणाची काळजी नसते असं नाही. फक्त त्यांच्याकडे वेळ नसतो, पैसा नसतो आणि त्यांची माणसं ऐकत नाहीत. लहान कारखान्यांना या तीन अडथळ्यांतून बाहेर काढायचं, हे पाणीबाईचं काम. तिच्या संस्थेने हे तिन्ही अडथळे तिच्याकडून पाढ्यासारखे घोटून घेतले होते. नाव मात्र तिला कारखान्याने दिलं. चादरी आणि टॉवेल रंगवण्याच्या त्या कारखान्यात आल्या दिवशीच ती हातात घड्याळ धरून एकेका नळाखाली बादली लावत फिरली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिची पाणीबाई झाली होती.

तिला बोलावलं होतं मालकीणबाईंनी. वडिलांमागे कारखाना एकटीने ओढणारी ही बाई सहसा घाबरायची नाही. पण निम्मा माल उचलणाऱ्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं होतं की, वर्षभरात पाणी पाचव्या हिश्श्याने कमी करा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघू. ते वाचून मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पाणी सगळ्यात जास्त जायचं रंगखात्यात. तिथे चार टाक्या आणि त्या चार टाक्यांवर रंगमास्तर. अडतीस वर्षं त्याच जागी. मालकीणबाई लहान असताना शाळा सुटली की रंगखात्यातल्या बाकावर बसून अभ्यास करायच्या, तेव्हापासून त्या त्यांना मास्तरकाका म्हणायच्या. माणूस कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूष. पाणीबाई त्यांच्यासमोर छापील प्रश्नावली घेऊन बसली.

"मास्तर, पाणी वाचवण्यासाठी तुम्ही काय काय करता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही हो बाई. रोजचं काम करतो."

तिने रकान्यात लिहिलं, 'काही नाही'. आणि मनात म्हणाली, इथे बरंच करता येईल.

केलंही तिने बरंच. गळके नळ बदलले, पाइपांना आपोआप बंद होणाऱ्या तोट्या बसवल्या, प्रत्येक टाकीला मीटर लावला. मग तिने वेळापत्रक आणलं. जी ऑर्डर आधी आली तिचा रंग आधी. यात पाणी वाचत नव्हतं, पण कोणत्या ऑर्डरला किती पाणी लागलं ते मोजता येत होतं, आणि मोजल्याशिवाय सुधारणा नाही हे तिला शिकवलेलं होतं. मास्तरांनी वेळापत्रक भिंतीवर लावू दिलं आणि त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कागदावर काळा असला तरी टाकीत क्रीम.

"मास्तर, आज काळा होता ना?"

"आज नाही. उद्या संध्याकाळी."

"पण का?"

"तसं नाही चालत."

"का नाही चालत?"

"नाही चालत म्हणजे नाही चालत. अंगवळणी पडलेलं काम आहे, ते काय सांगायचं?"

तीन आठवडे हेच. पालथ्या घड्यावर पाणी, असं ती संस्थेतल्या मैत्रिणीला म्हणाली आणि दोघी आपल्याच विनोदावर हसल्या.

गुरुवारी संध्याकाळी अहवाल द्यायचा होता. फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता, 'मुख्य अडथळा'. पैसा म्हणावं तर मालकीणबाईंनी तो मोकळ्या हाताने दिला होता. वेळही दिला होता. उरला तिसरा. घरी जायची घाई होती, आणि मास्तरांचा रागही होता, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. तिने लिहिलं, 'रंगमास्तर. नवीन पद्धतीला तयार नाहीत.' पाच शब्द लिहायला कितीसा वेळ लागणार?

मालकीणबाईंनी अहवाल वाचला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "मास्तरकाका, खूप केलंत. आता आराम करा." सगळ्या कामगारांसमोर त्यांना भिंतीवरचं मोठं घड्याळ भेट दिलं. ज्याच्याकडे आता वेळच वेळ उरणार त्याला घड्याळ द्यायचं कुणाला सुचतं कोण जाणे. पाणीबाईनेही टाळ्या वाजवल्या.

मास्तरांच्या जागी चुणचुणीत ऑपरेटर आला. तो वेळापत्रक अक्षरशः पाळायचा. आणि महिन्याच्या शेवटी मीटरचा आकडा वर गेला. दुसऱ्या महिन्यात आणखी वर. नळ नवे, तोट्या नव्या, तरी पहिल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने पाणी जास्त. पाणीबाईने सगळे पाइप पुन्हा तपासले. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तर उघडच होतं, पण कुठे ते सापडेना.

शेवटी तिने उंटावरून शेळ्या हाकणं सोडलं आणि एक अख्खा दिवस रंगखात्यात स्टूल टाकून बसली. सकाळी काळा झाला. पुढची ऑर्डर क्रीम. ऑपरेटरने टाकी धुतली. काळं पाणी आलं. पुन्हा धुतली, राखाडी पाणी. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी कुठे पाणी स्वच्छ आलं. तिने शेजारी चादरी पिळणाऱ्या बाईंना विचारलं, "मास्तर असताना टाकी किती वेळा धुवायचे?"

"मास्तर? शनिवारी."

"शनिवारी किती वेळा?"

"अहो, शनिवारी म्हणजे आठवड्यातून एकदा. सोमवारी पांढरट रंगापासून सुरू करायचे, मग पिवळा, गुलाबी, असं गडद गडद होत शनिवारी काळा. काळा झाला की टाकी धुवायची. मधे कशाला धुवायची?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही साधा वळसा नाही, तिने कळसाच फेकून दिला होता.

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं होतं. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "अहो, कारखान्यातून आल्यात." मग हलक्या आवाजात तक्रार केली, "यांना काहीतरी काम द्या बाई. भांडी घासायला बसतात आणि मला हात लावू देत नाहीत. आधी पेले, मग ताटं, तेलकट कढई शेवटी, सगळं एकाच पाण्यात. मी मधेच तवा टाकला तर दिवसभर अबोला."

पाणीबाईला हसू यायला हवं होतं. तिला रडू आलं.

मास्तर समोर बसले. तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. अहवाल तिचा, रकाना तिचा, शब्द तिचे. मास्तरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. अडतीस वर्षं नखांत रुतलेला रंग आता गेला होता.

"अडथळा," ते म्हणाले. "मला विचारायचं तरी होतंत."

"विचारलं होतं, मास्तर. पाणी वाचवायला काय करता, म्हणून. तुम्ही काही नाही म्हणालात."

"मग बरोबरच सांगितलं की. मी कुठे पाणी वाचवत होतो? टाकी धुवायचा कंटाळा यायचा. आत उतरून घासायची म्हणजे कंबर मोडते." ते थोडं थांबले. "मोडायची."

"मला सगळं सांगा," ती म्हणाली. "मी लिहून काढते. हे बघितल्यावर मॅडम तुम्हाला परत बोलावतील. मी बोलावायला लावीन."

आणि हा न बोलणारा माणूस तीन संध्याकाळी बोलत होता. कोणत्या रंगामागून कोणता, फिकट मालाच्या शेवटच्या धुण्याचं पाणी गडद मालाच्या पहिल्या धुण्याला कसं वापरायचं, ऑर्डरची घाई असेल तर मधे कुठे घुसवायची. वहीची चाळीस पानं भरली. बायको दारात उभी राहून ऐकायची. इतकं तर हे लग्न झाल्यापासून माझ्याशीही बोलले नाहीत, म्हणाली.

मालकीणबाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मधे एकदा चष्मा काढून डोळे पुसले. मग ऑपरेटरला बोलावून वही त्याच्या हातात दिली. आठ दिवसांत आकडा असा उतरला की कंपनीने मागितलं होतं त्याहून खाली गेला.

"आता मास्तरांना बोलवू या ना?" पाणीबाईने विचारलं.

"अगं, आता त्यांना कशाला त्रास?" मालकीणबाई अगदी मायेने म्हणाल्या. "सगळं तर लिहून दिलंय त्यांनी. आपण वहीवर त्यांचं नाव घालू. मोठ्या अक्षरात."

पाणीबाई खूप बोलली. हे त्यांचं आहे म्हणाली, मी शब्द दिलाय म्हणाली. मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. पहिल्यांदा तिने मास्तरांची नोकरी पाच शब्दांत घालवली होती. दुसऱ्यांदा चाळीस पानांत, आणि तेही चांगल्या हेतूने.

शनिवारी ती सांगायला गेली. मास्तर दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"उतरलं का?"

"उतरलं, मास्तर. पहिल्यापेक्षाही खाली."

"ऐकलंस का गं!" त्यांनी आत हाक मारली. "उतरलं म्हणतायत!" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "सोमवारी सकाळच्या पाळीलाच येतो. मी येईपर्यंत काळ्याला हात लावू नका म्हणावं त्या पोराला."

"मास्तर," ती म्हणाली, "त्यांनी वही ठेवून घेतली. तुम्हाला नाही."

शर्टाचं वरचं बटण त्यांनी सावकाश सोडलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

"वहीत एक राहिलंय," ते म्हणाले. "लालानंतर लगेच हिरवा घ्यायचा नाही. मधे एक तपकिरी टाकायचा. नाहीतर माल मळकट दिसतो. त्याला कोण सांगणार? लिहून घ्या."

पाणीबाईने पर्समधून पेन काढलं आणि लिहून घेतलं.