खंडाचा बाण

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. अंगाने धड आहे, पण जन्मात एकदाही धनुष्यावर चढलो नाही. हसलात ना? हसा. मला पूर्वी त्याचाच तोरा होता.

समुद्रापलीकडे, हॅलोवर्थ प्रांतात, एका रुंद नदीच्या काठी वेनामो नावाच्या म्हाताऱ्याने मला घडवलं. त्याचं गाव तिथे पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवत होतं. प्रांताला नाव मात्र इंग्लंडातल्या हॅलोवर्थ घराण्याचं! थोरले लॉर्डसाहेब इंग्लंडातच बसून असत. त्यांचे धाकटे भाऊ, सर जर्व्हेस, गव्हर्नर म्हणून तिकडचा कारभार बघत.

दर हिवाळ्यात सर जर्व्हेस स्वतः गावात यायचे, मक्याची लापशी चाटूनपुसून खायचे आणि म्हणायचे, "वेनामोबाबा, आमच्या राजासाठी दोन बाण द्या. तुमच्याच हातचे हवेत हं!"

वेनामोची मुलगी सकीमा तिखट होती. साहेबांची पाठ वळली की ती सुरू व्हायची. "बाबा, एवढ्या मोठ्या राजाला बाण मिळत नाहीत होय? दरवर्षी आपल्याच दारात?"

"अगं, शेजारी आहेत. शेजाऱ्याला नाही म्हणू नये."

"शेजारी? त्यांची डुकरं आपल्या मक्यात शिरतात तेव्हा कुठे जातो शेजार?"

"राजाला आपली आठवण राहते, हे काय थोडं झालं?" असं म्हणून म्हातारा पुन्हा मला घासायला बसायचा. तीन दिवस त्याने माझ्यावर घालवले. माझं गारगोटीचं टोक त्याने चार वेळा बदललं. राजाला भेट पाठवायची म्हणजे गंमत का?

माझा एक जोडीदार होता. आम्ही दोघे रेशमात गुंडाळून, जहाजात बसून इंग्लंडला आलो. ईस्टरच्या आठवड्यात राजाच्या किल्ल्यात आम्हाला मेजावर ठेवलं. राजा काही आला नाही. एक कारकून आला आणि त्याने खणखणीत आवाजात वाचलं, "हॅलोवर्थ लॉर्डसाहेबांच्या मुलखाचा यंदाचा खंड, दोन बाण, पोचले. नदी, रान, काठ, सगळं त्यांच्याकडे कायम."

अरे देवा! मी हादरलोच. खंड? म्हणजे जमिनीचं वार्षिक भाडं! मी भेट नव्हतोच! वेनामोच्याच हातचा बाण देऊन वेनामोचीच जमीन दुसऱ्याने आपल्या नावावर ठेवली होती!

लॉर्डसाहेब तिथेच उभे होते. ते कारकुनाला म्हणाले, "धाकट्याला लिहा, तो नदीकाठ तंबाखूला फर्मास आहे म्हणे. यंदाच लावून टाक."

"हुजूर, पण तिथे गाव आहे."

"असेना! उठेल."

मी ओरडलो, मित्रांनो. जीव तोडून ओरडलो. पण बाणाचं कोण ऐकतो? मेजावरून उचलून त्यांनी मला फळीवर ठेवलं.

पुढच्या ईस्टरला माझ्याशेजारी दोन नवे बाण आले. मी अधीर होऊन विचारलं, "वेनामोबाबा कसा आहे रे? सकीमा बरी आहे ना?"

"कोण वेनामो?" ते म्हणाले. "आम्हाला गव्हर्नरसाहेबांच्या सुताराने केलं. काठावर कुणी राहत नाही. नुसती तंबाखू आहे."

तो धक्का अजून ओसरलेला नाही. आता मी संग्रहालयात, काचेच्या पेटीत असतो. रोज मऊ फडक्याने माझी धूळ पुसतात, मला कीड लागू नये म्हणून जिवापाड जपतात. मित्रांनो, तुम्ही आलात तर माझ्याकडे कौतुकाने बघत बसू नका. मला घडवणारी माणसं कुठे गेली, ते विचारा. इथे अजून कुणी विचारलेलं नाही.