घरापुरता आवाज

तिने जमिनीवर गुडघे टेकले आणि गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पच्या पुढच्या कापडाला कान लावला.

"बाई, अजून चालू नाही केलेला," दुकानदार म्हणाला.

"माहितीये. बंद असताना गुरगुरतो का ते बघतेय."

"बंद असताना कुठलाच गुरगुरत नाही."

"आमच्या जुन्याचा काही भरवसा नाही," ती म्हणाली आणि टेबलाची कड धरून उठली.

मागे खुर्चीवर बसलेला तिचा नवरा हसला. गिटारची पेटी त्याने मांडीवर आडवी घेतली होती आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले होते, उजवा डाव्यावर दाबून. घरी गिटार शिकायला येणारी मुलं त्याला मास्तर म्हणत. चारचौघांत तीही मास्तरच म्हणे. घरात 'अहो', आणि डोकं फिरलेलं असलं की नुसतंच 'ऐकलं का'.

हे तिसरं दुकान होतं. पहिल्या दुकानातल्या अ‍ॅम्पचा आवाज कानाला टोचतो म्हणून तिने नाकारला, दुसऱ्यातला जरा वाढवला की फाटतो म्हणून. टोचणं, फाटणं हे शब्द तिचेच होते. शिलाईकाम करणाऱ्या बाईने आवाजाला दुसरं काय म्हणायचं?

"तुम्हाला नक्की कसा हवाय?" दुकानदाराने विचारलं. तो पोट सुटलेला, शांत माणूस होता.

"घरात वाजवायला. लहान. खालच्या मजल्यावरचे ओरडता कामा नयेत. आवाज गोड, जाडसर, उबदार. आणि स्वच्छ. एकदम स्वच्छ." मग तिने आवाज खाली आणला. "आणि हलायला नको."

"हलायला म्हणजे?"

"जुना हलतो. स्वर लांबवला की डुगडुगतो."

दुकानदाराने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीवर टांगलेल्या गिटारी बघत होते.

थंडी सरता सरता हे सुरू झालं होतं. ती आतल्या खोलीत मशीनवर बसली होती आणि बाहेर मास्तर रोजच्यासारखे वाजवत होते. एक स्वरमेळ त्यांनी लांबवला, आणि तिचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला.

"अहो, आवाज हलतोय."

बाहेरचं वाजवणं थांबलं. मग, "हो का?"

"हो. तो डबाच जुना झालाय तुमचा."

"असेल," मास्तर म्हणाले होते.

त्या 'असेल'ला ती चिकटून बसली. भाजीची चाकांची पिशवी रिकामी करून तिने तिच्यात अ‍ॅम्प घातला आणि दुरुस्तीवाल्याकडे ओढत नेला. त्याला काही सापडलं नाही, तेव्हा त्याला काही येत नाही असं ठरवून तिने दुसरा गाठला. त्यालाही काही सापडलं नाही. परत येताना तिला आपल्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुली आठवल्या. टाका वाकडा गेला की त्या मशीनला नावं ठेवत आणि ती म्हणे, 'मशीन बिचारं काय करणार, कापड ओढतेस तू.' हे आठवलं तशी ती भर रस्त्यात थांबली, पिशवीचं चाक उगाचच तपासलं आणि मग भराभर घरी आली.

त्याच आठवड्यात तिने मास्तरांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं काढून टिचबटणं लावली. हल्ली हेच चालतं म्हणाली. मास्तरांनी विरोध केला नाही. मुलांच्या आयांना त्यांनी निरोप धाडला, नवा अ‍ॅम्प आला की शिकवणी सुरू करू. तेव्हापासून बाहेरची खोली संध्याकाळी गप्प असायची, आणि आयांपेक्षा तिलाच त्या अ‍ॅम्पची घाई झाली होती.

दुकानदाराने बटण दाबलं. "जरा तापू दे. याच्यात आत दिव्यासारखे वॉल्व असतात. ऊब येते ती त्यांचीच." त्याने भिंतीवरची एक गिटार उतरवली, वायर जोडली आणि तार छेडली.

आवाज खोलीभर पसरला आणि कुठेही न खरचटता विरून गेला. तिचे डोळे आपोआप मिटले. स्वर आला होता तसाच, सरळ, संपेपर्यंत.

"हाच!" ती म्हणाली. "ऐकलंत? जरासुद्धा हलत नाहीये. मी म्हणत होते ना, जुन्यातच खोट आहे."

"आता तुम्ही वाजवून बघा," दुकानदार मास्तरांना म्हणाला.

"तुमचा हात छान आहे. तुम्हीच वाजवा."

"घरी येऊन हे वाजवणार आहेत का?" ती म्हणाली. "उठा. लाजताय काय नव्या नवरीसारखे?"

मास्तरांनी पेटी उघडली. गिटार मांडीवर घेऊन तारा जुळवल्या. त्यालाच बराच वेळ गेला. तोवर ती अ‍ॅम्पवरची नसलेली धूळ पदराने पुसत राहिली. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवली आणि उजव्याने स्वरमेळ छेडला.

आवाज तसाच उबदार होता, तसाच स्वच्छ. त्यामुळे ती थरथर अगदी सुटी ऐकू आली.

पदराने पुसणारा तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, "यातही तोच दोष आहे."

दुकानदाराची नजर मास्तरांच्या डाव्या हातावर गेली. ती त्याने लगेच काढून घेतली आणि वायरींचा गुंता सोडवायला लागला.

"दुसरा दाखवा ना," ती म्हणाली. "एवढं मोठं दुकान तुमचं."

त्याने गुंता खाली ठेवला. मग कोपऱ्यातला एक अ‍ॅम्प ओढत पुढे आणला. "याला हे एक बटण जास्तीचं आहे. आवाज मुद्दाम हलवतं. पूर्वीच्या वादकांना फार आवडायचं." त्याने बटण अर्ध्यापर्यंत फिरवलं. "बघा."

मास्तरांनी तोच स्वरमेळ वाजवला. दोरीवर वाळत घातलेली चादर वाऱ्यावर हलते तसा आवाज हलू लागला. त्यात यंत्राचं हलणं कुठलं आणि माणसाचं कुठलं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. ऐकायला तर सुंदरच होतं. तिचे खांदे खाली आले.

"हा द्या," ती म्हणाली. "बटण आहे तिथेच राहू दे. चिकटवून मिळेल का?"

दुकानदार काहीतरी बोलणार होता, पण मास्तर खाली वाकले. बटण त्यांच्या चिमटीतून एकदा निसटलं. तिने हात पुढे केला.

"राहू दे."

दुसऱ्या खेपेला त्यांनी ते पकडलं आणि शून्यावर आणलं. सावकाश सरळ बसले. पुन्हा तोच स्वरमेळ छेडला आणि या वेळी तारांवर हात ठेवून तो मिटवला नाही. थरथरत थरथरत तो पूर्ण संपू दिला. सबंध वेळ ते तिच्याकडे बघत होते.

"या गावात आणखी किती दुकानं आहेत गं?"

"एक. बाजारामागे."

"तिथेही असाच वाजेल."

तिने खुर्ची शोधली आणि बसली. दुकानदार आतल्या खोलीत खोका आणायला गेला. खोका मात्र बाहेरच, तो उभा होता तिथे पडलेला होता.

"कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"तू पहिल्यांदा अ‍ॅम्प दुरुस्तीला नेलास, त्याच्या आधीपासून."

"मग इथं तिथं माझ्यामागे कशाला फिरलात?"

"तू इतकी धडपडत होतीस. म्हटलं, तुझं बघून होऊ दे."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "किती वेड्यासारखी ओढत नेली मी ती पिशवी. त्या दुरुस्तीवाल्याला काय काय बोलले."

"त्याची माफी मागू एकदा."

"दोघांची मागावी लागेल," ती म्हणाली.

दुकानदार रिकाम्या हाताने परत आला. "मग, काय करू या?"

"पहिला बांधा," मास्तर म्हणाले. "ते हलवायचं बटण नसलेला."

"आता कशाला?" ती म्हणाली. "त्यात सगळं कळतं."

"म्हणून तर. मुलांना काही आता शिकवता यायचं नाही मला. ऐकणारी तूच."

खोका बांधून होईपर्यंत ती दोघं शेजारी शेजारी बसून होती, दवाखान्यात नाव पुकारायची वाट बघत बसावं तशी. दुकानदाराने चिकटपट्टी ओढली, कडा दाबल्या आणि खोका तिच्याकडे सरकवला.

"काही तक्रार आली तर वर्षाच्या आत घेऊन या. बदलून देतो."

"नाही येणार," ती म्हणाली. "अ‍ॅम्पची काही तक्रार नव्हतीच."